‘आमच्या अंगणात बघण्यासारखं आहे काय?’

गावी आई-बाबांच्या घरी चार कॅमेरे आणि डीव्हीआर (त्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) बसवलाय, पुण्यात बसून मोबाइलवर दिसतं, आणि मित्र धोका आहे म्हणतोय. त्यावर तुमचं म्हणणं, आमच्या अंगणात बघण्यासारखं आहे काय?

अंगणासाठी मुद्दाम कुणी येत नाही, हे खरंच. हॅकर्सना हवा असतो डीव्हीआर. तो छोटा कॉम्प्युटरच. चोवीस तास चालू, नेटला जोडलेला आणि कुणाचं लक्ष नसलेला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने, म्हणजे यंत्रात घुसणाऱ्या घातक प्रोग्रॅमने, हेच हेरलं. त्याच्याकडे कंपन्यांच्या ठरावीक युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या होत्या, बस. नेटवर सापडेल त्या कॅमेऱ्यावर, डीव्हीआरवर, राउटरवर त्या लावून बघायच्या, उघडलं की यंत्र आपलं. २१ ऑक्टोबरला अशाच यंत्रांनी डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा नेटवरचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर, इतका मारा केला की अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास धड उघडेनात. यंत्रांच्या मालकांना पत्ताही नव्हता. मिराई नुसता मेमरीत राहायचा, बंद-चालू केलं की जायचा. पण पासवर्ड तोच असला की काही मिनिटांत परत हजर.

आमच्या सोसायटीतली गंमत सांगतो. रेकॉर्डिंग काढायचं होतं, पासवर्ड सेक्रेटरींनाही माहीत नाही. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, ‘साहेब, आपण सगळीकडे एकच ठेवतो, लक्षात राहायला बरं.’ वर तो डीव्हीआरच्या पाठीवर, पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने लिहिलेला! बसल्या जागी त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांची किल्ली आमच्या हातात.

तेव्हा आधी तुमच्या बसवणाऱ्याला विचारा, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलंय का, म्हणजे बाहेरच्या नेटवरून थेट डीव्हीआरपर्यंत यायला दार उघडून ठेवलंय का. असेल तर बंद करून घ्या, यूपीएनपीसुद्धा (यंत्रांना अशी दारं आपोआप उघडू देणारी राउटरची सोय). हल्लीच्या बहुतेक डीव्हीआरना मोबाइलवर बघायला कंपनीचं अ‍ॅप पुरतं. डीव्हीआरचा अ‍ॅडमिन पासवर्ड स्वतःच्या हाताने बदला आणि राउटरचाही. वायफायचा बदलला म्हणजे राउटरचा बदलला असं बऱ्याच जणांना वाटतं. ते दोन वेगळे. डीव्हीआरच्या फर्मवेअरचं, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट येत असेल तर टाका. डीव्हीआर इतका जुना असेल की अपडेटच येत नाही, तर त्याची नेटची वायर काढा. रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर होतच राहतं, फक्त मोबाइलवर दिसणार नाही.

आणि चौथा कॅमेरा हॉलमध्ये आहे म्हणालात, तो मी तरी काढला असता. निदान बाबांना एकदा विचारा.