परतायचं असेल तर नागरिकत्वाची घाई कर

बेळगाव जिल्ह्यातल्या नंदगडकडचाच मी, कॅनडात येऊन बारा वर्षं झाली. तू लिहिलंयस, पीआर (कॅनडात कायम राहायचा परवाना) येतंय, आई-बाबा खानापुरात दोघंच आहेत, पुढंमागं परतायचंही मनात आहे, मग नागरिकत्वाच्या भानगडीत पडायचंच कशाला? माझं उत्तर उलटं आहे. ज्याला परतायचंय त्यानंच घाई करावी.

पीआर टिकवायचं तर दर पाच वर्षांतले 730 दिवस कॅनडात काढावे लागतात. उद्या आई अंथरुणाला खिळली आणि तू साडेतीन वर्षं गावात अडकलास, तर पीआर हातचं जायची वेळ येते. नागरिकाला हा हिशेब नसतो. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड काढायचं आणि खानापुरात हवं तितकं राहायचं.

नागरिकत्वासाठी मात्र अर्जाआधीच्या पाच वर्षांतले 1095 दिवस इथं हजर पाहिजेस. त्याच काळात पीआरच्या आधी स्टडी किंवा वर्क परमिटवर असलास तर ते दिवस अर्धे धरतात, तेही जास्तीत जास्त 365. गावाकडची प्रत्येक फेरी म्हणजे तारीख पुढं. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असायचं, गावाकडं गेलेल्या दिवसांवर बायको लाल पेनानं फुली मारायची. त्यात बाबा विहिरीच्या पायरीवर घसरले, खुबा मोडला. पंधरा दिवसांसाठी गेलेला मी सव्वाशे दिवस राहिलो. एरवी फोनवर रोज "कवा यायलास गा?" विचारणारे बाबा आठव्या दिवशी खाटेवरनंच म्हणाले, "तुझे दिवस मोडायलेत न्हवं?" मी काहीच बोललो नाही. (सलग 183 दिवस झाले असते तर अर्जाला भारतातला पोलीस दाखलाही लागला असता.)

आता शेत. पासपोर्ट बदलला की जमीन जाते, असं आपल्याकडं पारावर छातीठोक सांगतात. जात नाही. वारसानं आलेली शेती ओसीआयवाल्याला ठेवता येते. नवी विकत घेता येत नाही, पण ही अट परदेशात स्थायिक झालेल्या भारतीय पासपोर्टवाल्यालाही आहेच. म्हणजे शेतासाठी म्हणून पीआरवर थांबून काही वाचत नाही. बाबा बक्षीसपत्र करून देतो म्हणाले तर नको म्हण, परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन तशी घेता येत नाही. त्यापेक्षा त्यांना मृत्युपत्र करायला सांग आणि उताऱ्यावर नाव वारसानंच चढू दे. पुढं विकायची झाली तर घेणारा भारतात राहणारा भारतीय नागरिकच लागतो.

खरं जातं ते मत. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, इथं शपथ घेतलीस की तिकडचं संपलं. ओसीआय म्हणजे जन्मभराचा व्हिसा, त्यावर मतदान नाही. आपल्या भागातल्या माणसाला हे जड जातं. आपला भाग महाराष्ट्राऐवजी कर्नाटकात घातला म्हणून आमचं घर 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळणारं. आम्ही 1956 पासून राज्य बदलून मागतोय आणि तू देशच बदलून आलास, असं काकांनी मला भर पंगतीत ऐकवलं. हसले सगळे, पण मला घास गिळवेना.

शपथ आणि ओसीआय यांच्या मधले महिने जपून काढ. शपथेनंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं हा गुन्हा आहे. तो जमा करायचा, कॅनडाचा काढायचा, मग ओसीआयचा अर्ज. तोवर जायचं तर व्हिसा लागतो, आणि व्हिसाचा भरवसा नाही. 2023 च्या सप्टेंबरात भारतानं कॅनडाच्या नागरिकांचे व्हिसा थांबवले, ई-व्हिसा नोव्हेंबरात सुरू झाले. ओसीआयवाले मात्र बिनघोर ये-जा करत होते. त्यामुळं बहिणीचं लग्न वगैरे त्या मधल्या काळात धरू नकोस.

आणि जन्मगावाचं नाव आत्ताच बघून घे. माझ्या पासपोर्टवर बेळगाव होतं, 2014 नंतर काढलेल्या दाखल्यावर बेळगावी. दोन्ही एकच गाव, हे कागदोपत्री सिद्ध करण्यात माझे तीन आठवडे गेले.