फ्लॅटमधल्या कुटुंबासाठी लॅब्रॅडोर घ्यावा की हस्की?

पुण्यात टू बीएचके, तुम्ही दोघंही नोकरीला, दिवसभर घरी सत्तरीच्या सासूबाई आणि शाळेतून आलेली सहा वर्षांची मुलगी. एवढं कळल्यावर हस्की यादीतून काढाच. त्याचा दुहेरी, दाट कोट बर्फासाठी आहे. मे महिन्यात वीज गेली की उष्माघाताची भीती. पगही नको, चपट्या नाकामुळे त्याला उन्हाळ्यात धड श्वास घेता येत नाही.

लॅब्रॅडोर स्वभावाने उत्तम, पण वजन 25 ते 36 किलो. पट्टा सासूबाईंच्या हातात आणि समोरून मांजर गेलं, तर त्या पडणारच.

पिल्लाची अडचण वेगळी. दोन महिन्यांचं पिल्लू दर दोन-तीन तासांनी शू करतं, म्हणजे दिवसभर फरशी पुसायचं काम सासूबाईंवर. चार ते सहा महिन्यांत दात बदलताना ते चपला, वायरी आणि मुलीचे हात, सगळंच चावून बघतं.

तुमच्या घराला दीड-दोन वर्षांचा, नसबंदी झालेला देशी कुत्रा बरा. साधारण 15 ते 20 किलो, आखूड केस, आपल्या हवेला सरावलेला. मुख्य म्हणजे स्वभाव बराचसा दिसून येतो. निवारा केंद्रात वेगवेगळ्या वेळी दोन-तीनदा जा. थोड्या अंतरावर स्टीलचं ताट पाडा: दचकून पुन्हा हुंगायला आला तर छान, कोपऱ्यात दडूनच बसला तर लहान मूल असलेल्या घरी नको. तो जेवत असताना सांभाळणारा जवळून गेला की अंग ताठ होतं का, खाणं थांबतं का, हे लांबून पाहा. भांड्यात हात घालून परीक्षा घेऊ नका.

तरीही पिल्लूच हवं असेल, तर ब्रीडरकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी मागा. 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. त्याआधी उचललेलं पिल्लू किती जोरात चावलं की दुखतं, हे भावंडांत शिकतच नाही. आई दाखवायला सांगा; 'ती गावाला असते' म्हणाले की निघा. लसीचे डोस सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. तोवर पार्वोच्या (पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराच्या) भीतीने रस्त्यावर फिरवणं बंद.

मोठा कुत्रा आधी 'फॉस्टर' म्हणून, म्हणजे काही काळ घरी सांभाळून बघायला, मिळतो का विचारा. नव्या घरात सुरुवातीला बरेच कुत्रे गप्प असतात, खरा स्वभाव दोन-तीन आठवड्यांनी उघडतो. मुलीला त्याच्यासोबत एकटं सोडू नका, त्या काळात नाही आणि नंतरही नाही.