२००८ च्या मंदीनंतर अर्थशास्त्र हा विषय सुधारला का?

२००८ चे जागतिक आर्थिक संकट ज्यांना आधी दिसले नाही त्या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर काही धडा घेतला का, आणि आज बी.ए.ला हा विषय घ्यावा का, असे आपण विचारले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी हाच विषय शिकवतो आणि या बाबतीत माझा एक जुना वाद अजून मिटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

अंदाज चुकला, हा आक्षेप मला फारसा गंभीर वाटत नाही. रघुराम राजन यांनी २००५ साली अमेरिकेत जॅक्सन होल येथे जगभरच्या मध्यवर्ती बँकांच्या धुरीणांसमोर वित्तक्षेत्रातील वाढत्या जोखमीचा इशारा दिला होता आणि अमेरिकेचे माजी अर्थमंत्री लॅरी समर्स यांनी तो तिथेच मोडीत काढला होता. म्हणजे सांगणारे होते. गंभीर बाब ही की, त्या काळी मान्यता पावलेल्या बहुतेक प्रतिमानांत (अर्थव्यवस्थेच्या गणिती मॉडेलांत) बँक, थकबाकी आणि दिवाळे यांना जवळपास जागाच नव्हती. महामंदी टाळण्याचा प्रश्न व्यवहारात सुटला आहे, असे नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट लुकास यांनी २००३ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात सांगितले होते.

लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक २००८ मध्ये बुडाल्यानंतर काही महिन्यांनी एका विद्यापीठात आम्हा प्राध्यापकांचा रिफ्रेशर कोर्स झाला. बाहेरून व्याख्यानासाठी आलेल्या तज्ज्ञाने, म्हणजे साधन व्यक्तीने, फळ्यावर मांडून दाखवले की एकाचे कर्ज हे दुसऱ्याचे येणे असते, त्यामुळे संपूर्ण अर्थव्यवस्थेचा हिशेब करताना दोन्ही एकमेकांत वजा होतात आणि बाकी शून्य उरते. मी उभा राहून आमच्या गावाचा हिशेब सांगितला. जूनमध्ये शेतकरी कृषी केंद्रातून बियाणे आणि खत उधारीवर उचलतो. दिवाळीच्या सुमारास पहिला वेचा घरात आला की वसुली सुरू होते, आणि ती सर्वांकडे एकाच वेळी होत असल्यामुळे सगळे गाव एकदमच कापूस विकायला काढते. भाव उतरतो, आणि उतरलेल्या भावात तेवढेच देणे फेडण्यासाठी अधिक क्विंटल विकावे लागत असल्याने आवक आणखी वाढते. ज्याने देणे फेडले तो घराचे छप्पर, मुलीची फी, किराणा यांत हात आखडता घेतो. ज्याला पैसे मिळाले तो ते गावात खर्च करत नाही, वरच्या ठोक व्यापाऱ्याला पाठवतो. मग बाकी शून्य कशी, असे मी विचारले. “हे ग्रामीण समाजशास्त्र झाले, अर्थशास्त्र नव्हे,” असे उत्तर मिळाले, सभागृह हसले आणि जेवणाची सुट्टी झाली.

मी सांगितले त्यात नवे काहीच नव्हते. १९२९ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यात स्वतःची संपत्ती गमावलेले अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ आयर्विंग फिशर यांनी १९३३ मध्ये कर्ज आणि घसरत्या किमती यांचे हेच चक्र मांडले होते. हे म्हणजे केवळ ऋणकोकडून धनकोकडे झालेले फेरवाटप, असे म्हणून विद्वानांनी त्याकडे दुर्लक्ष केले, हे २००८ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख असलेले अर्थशास्त्रज्ञ बेन बर्नँकी यांनीच नोंदवून ठेवले आहे. थोडक्यात, साधन व्यक्तीचा युक्तिवाद शिळा होता.

संकटानंतर मात्र संशोधन बदलले, हे मान्य करावे लागेल. ज्या अमेरिकी परगण्यांत घरांवरचे कर्ज अधिक होते तेथे लोकांचा खर्च अधिक घटला, हे आतिफ मियाँ आणि अमीर सुफी यांनी आकडेवारीने दाखवले. एगर्टसन आणि क्रुगमन यांनी २०१२ मध्ये ऋणको व धनको यांना प्रतिमानात वेगवेगळे उभे केले. बँका आणि आर्थिक संकटे यांवरील संशोधनासाठी बर्नँकी, डायमंड आणि डिबविग यांना २०२२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यामागचे मूळ लेख मात्र १९८३ चे आहेत, यावरून विषयाच्या गतीची कल्पना यावी. शिकवणे त्याहून संथ आहे. हार्वर्डच्या काही विद्यार्थ्यांनी नोव्हेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध पाठ्यपुस्तककार मॅनक्यू यांच्या अर्थशास्त्राच्या वर्गातून निषेध म्हणून सभात्याग केला, पुढे कोअर या अर्थशास्त्राचे शिक्षण बदलू पाहणाऱ्या प्रकल्पाने नवे पाठ्यपुस्तक मोफत उपलब्ध करून दिले. आमच्याकडे विद्यार्थी अजूनही गाईडमधून गुणकाचे सूत्र पाठ करतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. यवतमाळची उधारी आणि अमेरिकेतील गृहकर्जे एकसारखी नाहीत. अमेरिकेतील गृहकर्जांप्रमाणे आमच्या उधारीचे गुंतवणुकीचे रोखे बांधून कोणी जगभर विकले नव्हते, आणि कापसाचा भाव मुख्यतः जागतिक बाजारात ठरतो. शिवाय २००८-०९ च्या हंगामासाठी केंद्राने लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला २,०३० वरून ३,००० रुपये केल्यामुळे जागतिक भाव कोसळूनही सरकारी खरेदीचा आधार राहिला. पण घसरणीला तळ मिळाला की चक्र थांबते, हा तर माझ्याच बाजूचा पुरावा आहे, आणि तो तळ काही समाजशास्त्राने घातला नव्हता. त्याच वर्षीच्या कर्जमाफीत कृषी केंद्राचे आणि सावकाराचे देणे मोजलेच गेले नाही, तेव्हा कोणती वही हिशेबात धरायची हा प्रश्न दिल्लीतही सुटलेला नव्हता.

विषय अवश्य घ्यावा. सोबत संख्याशास्त्र घ्यावे आणि आर्थिक विचारांचा इतिहास ऐच्छिक असला तरी सोडू नये. गणिताला टाळून या विषयावर टीका करणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्या नादी लागू नये. त्या साधन व्यक्तीचे गणित बरोबरच होते, चूक होती ती ऋणको असो वा धनको, सगळ्यांचा खर्च करण्याचा कल एकच, असे न सांगताच धरून चालणाऱ्या पहिल्या ओळीत, आणि तिथे बोट ठेवता येण्यापुरते तरी गणित यायला हवे.