प्लेटलेट्स 22,000 आल्यात, आयटीपी म्हणतात. प्लेटलेट अँटिबॉडी टेस्ट करून घ्यावी का?

बहिणीचं निदान पक्कं करायला ही टेस्ट करावी का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, सहा वर्षांपासून आयटीपीची (शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्स नष्ट करतं, तो आजार) पेशंट आहे. माझं मत: त्या टेस्टवर भिस्त ठेवू नका.

मी केली होती. सॅम्पल मुंबईला गेलं, रिपोर्ट निगेटिव्ह. घरात आनंदीआनंद! सासूबाई म्हणाल्या, मग डेंग्यूच असणार (नाशकात पाऊस सरत आला की प्लेटलेट्स म्हणजे डेंग्यूच), आणि पपईच्या पानांचा रस सुरू झाला. मीही शहाणपणा करून स्टेरॉइडच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. दहाव्या दिवशी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त थांबेना. काउंट 9,000.

मग गंगापूर रोडच्या हिमॅटोलॉजिस्टनी (रक्तविकारांच्या डॉक्टरांनी) नीट समजावलं. आयटीपीत शरीर आपल्याच प्लेटलेट्सना अँटिबॉडी चिकटवतं आणि प्लीहा त्या फस्त करते. टेस्ट ह्या अँटिबॉडी शोधते खरी, पण जवळपास निम्म्या पेशंटांत ती निगेटिव्हच येते. काहींत तर प्लेटलेट्स मारण्याचं काम टी-पेशीही (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) करतात. पॉझिटिव्ह आली तरी औषध तेच. म्हणून हे निदान बाकीची कारणं बाद करत करतच होतं.

त्याआधी एक स्वस्तातलं काम करा: स्मिअर, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणारं रसायन) काहींच्या प्लेटलेट्सचे गठ्ठे होतात, मशीन ते मोजत नाही आणि काउंट उगाच कमी दिसतो. शंका असेल तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये पुन्हा मोजायला सांगा. एचआयव्ही, हिपॅटायटिस सी तपासून घ्या, चालू गोळ्यांची यादीही डॉक्टरांना दाखवा.

काउंट 30,000 च्या वर आणि रक्तस्राव नसेल तर मोठ्यांवर बहुधा नुसतं लक्ष ठेवतात. त्याखाली सहसा स्टेरॉइड, तेही सहा आठवड्यांच्या आत आवरतं घेतात. नाहीच जमलं तर एल्ट्रोम्बोपॅगसारख्या प्लेटलेट्स वाढवणाऱ्या गोळ्या आहेत. गोळी मात्र मनाने थांबवू नका. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन नको. तोंडात रक्ताचे फोड, काळी शी किंवा डोकं एकाएकी भयंकर दुखणं, ह्यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

बहिणीच्या पायांवर लाल ठिपके आहेत का? पाळी जास्त जाते का? आकड्याआधी डॉक्टर हेच विचारतील.