जुनं नाटक, नवा संच आणि रिकाम्या खुर्च्या

प्रश्न : एका गाजलेल्या जुन्या नाटकाचा नव्या संचातला प्रयोग ठाण्यात पाहिला. अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, कशालाच नाव ठेवायला जागा नव्हती. शनिवारी नाट्यगृहही भरलेलं होतं. तीन महिन्यांनी बघतो तर जाहिरातच बंद! चुकलं कुठे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : रंगमंचावर बहुधा काहीच चुकलेलं नसतं, चुकतो तो हिशेब. गाजलेलं नाव पहिल्या वीस-पंचवीस प्रयोगांना माणसं आणतं. हा प्रेक्षक आठवणीपोटी येतो आणि एकदाच येतो. ‘शेवट सांगत नाही, बघूनच या’ असं शेजाऱ्याला सांगायची सोय त्याला नसते, कारण शेवट सगळ्यांना ठाऊक. नव्या नाटकाचं उलट असतं. सुरुवातीचे प्रयोग कोरडे जातात आणि बरं निघालं तर बोलबाला होऊन बुकिंग चढतं. जुन्या नाटकाचं बुकिंग वरून सुरू होऊन उतरतं, पण निर्मितीचा खर्च शंभर प्रयोग धरून झालेला असतो.

उदाहरणादाखल आकडे मांडू. नाट्यगृह ८०० खुर्च्यांचं, सरासरी तिकीट ३५० रुपये. भाडं, नाईट (कलाकारांचं एका प्रयोगाचं मानधन), बस-टेम्पो आणि जाहिरात मिळून एका प्रयोगाचा खर्च १ लाख ३० हजार. म्हणजे ३७२ तिकिटं गेली तर निव्वळ बरोबरी. आता निर्मितीला २५ लाख लागले आणि चांगल्या प्रयोगामागे ५० हजार सुटले, तर पैसे वसूल व्हायला असे ५० प्रयोग हवेत. नावाची पुण्याई पंचविसात संपली की वसुली निम्म्यावर थांबते. डोंबिवलीकरांनी पाहिलेला शनिवार त्या पहिल्या पंचविसांतला असणार.

त्यात जुन्या नाटकात पात्रं दहा-अकरा. नोकर, शेजारी, मामा, पोस्टमन. आजचं चार पात्रांचं नाटक आणि हे अकरा पात्रांचं, फरक सात माणसांचा. नाईट सरासरी ४ हजार धरली तरी २८ हजार, म्हणजे पडदा उघडण्याआधीच ८० तिकिटं जास्त विकायची. दौऱ्यावर खोल्या आणि जेवण वेगळं. प्रमुख भूमिकेत मालिकेतला चेहरा असेल तर तो सापडणार शनिवार-रविवारी, आणि नेमक्या त्याच तारखांवर सगळ्यांचा डोळा.

प्रश्न : आमची हौशी संस्था एक जुनं तीन अंकी नाटक व्यावसायिक पद्धतीने करू पाहते आहे. कोणती काळजी घ्यावी?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी हक्क. लेखकाच्या निधनानंतरची ६० कॅलेंडर वर्षं संहितेवर वारसांचा हक्क असतो. देवल, गडकरी, खाडिलकर मोकळे आहेत. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या नाटकांसाठी २०२९ अखेरपर्यंत परवानगी लागेल. वारस तीन असतील तर सह्या तिघांच्या घ्या. पत्रात प्रयोगसंख्या, प्रत्येक प्रयोगाचं मानधन, काटछाटीची मुभा आणि चित्रीकरण या चार गोष्टी लिहून हव्यातच. काटछाट झाली की संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे तीच प्रत द्या, मूळ छापील नव्हे.

मग लांबी. दोन मध्यंतरांसह सव्वातीन तासांचं नाटक दुपारी साडेचारला सुरू झालं की पावणेआठला संपतं, आणि साडेआठच्या प्रयोगवाल्यांचा टेम्पो दाराशी उभा असतो. रात्रीचा प्रयोग असेल तर शेवटची गाडी गाठायला लोक तिसऱ्या अंकातच उठतात. सव्वादोन तासांवर आणा, मध्यंतर एकच. पहिल्या प्रवेशातली तीच ती माहिती, म्हणजे नोकराने शेजाऱ्याला घरचा इतिहास सांगणं, सर्वांत आधी काढा. मध्यंतर दुसऱ्या अंकाच्या मध्यावरच्या पेचावर घ्या. पहिल्या अंकाच्या शेवटीच ठेवलंत तर उत्तरार्ध पूर्वार्धाहून बराच लांब होतो आणि खोकले ऐकू येतात.

कापताना हमखास होणारी चूक : हशाचं वाक्य ठेवलं जातं आणि त्याची पेरणी उडवली जाते. समजा, पहिल्या अंकात काका दोनदा छत्री विसरतात आणि तिसऱ्या अंकात पाऊस नसताना छत्री उघडून येतात. आधीचे दोन उल्लेख गेले की शेवटी लाफ्टर पडत नाही, आणि दोष नटाला लागतो. म्हणून प्रत्येक हशाच्या वाक्यापासून मागे जात त्याची पेरणी पेन्सिलीने अधोरेखित करा, मगच कात्री घ्या.

काळ बदलू नका. तार किंवा ट्रंक कॉलवर उभा असलेला गैरसमज मोबाइल आला की दोन मिनिटांत मिटतो, मग उरलेला दीड तास करायचं काय?

शेवटचं म्हणजे प्रयोगसंख्या आधीच जाहीर करा. सुनील बर्वे यांनी ‘हर्बेरियम’ उपक्रमात ‘सूर्याची पिल्ले’, ‘हमिदाबाईची कोठी’ अशी पाच जुनी नाटकं केली, प्रत्येकाचे २५च प्रयोग. उतरत्या बुकिंगशी झगडण्यापेक्षा ते उतरण्याआधीच थांबण्याचा हा शहाणपणा आम्हाला फार पटतो. मात्र मग नेपथ्य आणि कपडेपटही २५ प्रयोगांत फिटेल एवढ्याच खर्चाचे हवेत.

प्रश्न : तिकीट महाग म्हणून लोक येत नाहीत का? आणि ‘चारचौघी’ मग कसं चाललं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तिकीट हे अर्धंच कारण. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, म्हणून बरेच निर्माते तिथेच थांबतात.

‘चारचौघी’ १९९१चं, २०२२ मध्ये पुन्हा आलं. रोहिणी हट्टंगडी आणि मुक्ता बर्वे यांची नावं होतीच. पण आई आणि तीन मुलींच्या त्या घरातला वाद प्रेक्षक स्वतःच्या घरी घेऊन जातात, आणि तिथून पुढची तिकिटं खपतात. तुमच्या नाटकात असा वाद असेल तर जाहिरातीत तोच छापा. ‘पुन्हा एकदा रंगभूमीवर’ ही ओळ, ज्याने ते नाटक कधी पाहिलंच नाही, त्याला काहीच सांगत नाही.