कॅराकॅला: सम्राट नव्हे, गोगलगाय

प्रश्न असा आहे: 'कॅराकॅला' या सुवासिक फुलवेलीचे नाव त्याच नावाच्या रोमन सम्राटावरून पडले का, आणि तिला मराठीत काय म्हणावे?

सम्राटाचा इथे काही संबंध नाही. 217 साली मारल्या गेलेल्या त्या राजाचे कॅराकॅला हे टोपणनाव होते. तो वापरत असे त्या टोपीच्या, गॉल (साधारण आजचा फ्रान्स) पद्धतीच्या झग्यावरून ते पडले. वेलीचे नाव आले ते स्पॅनिश-पोर्तुगीज 'काराकोल'वरून, म्हणजे गोगलगाय. लॅटिन वळण घेताना शब्द सम्राटाच्या नावाशी जुळला आणि गफलत झाली.

फूल पाहिले की शंकाच उरत नाही. घेवड्याच्या कुळातल्या फुलांत तळच्या दोन पाकळ्या जुळून होडी तयार होते. इथे ती होडीच वेटोळे घालून बसते, अगदी गोगलगायीच्या शंखासारखी. स्पॅनिशमध्ये गोल वळत चढणाऱ्या जिन्यालाही 'काराकोलचा जिना' म्हणतात. आपण त्याला मळसूत्री जिना म्हणतो. त्यांना गोगलगाय दिसली, आपल्याला मळसूत्र!

शास्त्रीय नाव मात्र सारखे बदलत गेले. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये ही वेल घेवड्याच्या 'फॅसिओलस' प्रजातीत घातली. पुढे ती मूग, उडीद, चवळी यांच्या 'व्हिग्ना'त गेली. आता ती 'कॉक्लिअँथस' नव्हे, तर 'कॉक्लिअसँथस' आहे (मधला 'स' गाळू नये, कारण पहिले नाव दुसऱ्याच वनस्पतीच्या नावाशी घोटाळा करते). ग्रीक 'कोक्लिआस' म्हणजे गोगलगाय, 'आन्थोस' म्हणजे फूल. त्यामुळे 'कॉक्लिअसँथस कॅराकॅला' या पूर्ण नावात गोगलगाय दोनदा येते, एकदा ग्रीकमधून, एकदा स्पॅनिशमधून. मला हे फार आवडते.

मराठीसाठी 'शंखवेल' पटकन सुचते, पण मी ते टाळीन. 'शंखपुष्पी' या एका नावावर आधीच दोन-तीन वनस्पती हक्क सांगतात, त्यांत याच कुळातली गोकर्णही आहे. 'मळसूत्री वेल' म्हटले तर खोडच पिळदार आहे असे वाटेल. म्हणून माझी पसंती 'गोगलवेल'ला. गोकर्णीच्या फुलात गाईचा कान पाहणाऱ्या भाषेला हे नाव परके वाटणार नाही.

एक सावधगिरी: इंग्रजीत जिला 'स्नेल व्हाइन' म्हणतात, त्या नावाखाली एक जांभळ्या फुलांची वेगळी वेलही खपवली जाते. तिच्या फुलांना वास नसतो. 'गोगलवेल' हे नाव सुवासिक वेलीपुरतेच राखावे.