सिकलसेलचं जनुक पिढ्यांगणिक पातळ होत जातं का?

प्रश्न: आजोबा सिकलसेलचे वाहक होते, वडील वाहक आहेत, माझाही रिपोर्ट एएस आला. बाहेरच्या घरांतल्या मुली सुना म्हणून येत गेल्या की हा दोष पिढ्यांगणिक कमी होत संपून जातो, असं घरचे म्हणतात. खरं आहे का? माझं लग्न ठरतंय, मुलीची सिकलसेल तपासणी निगेटिव्ह आहे. मग तिच्या घरच्यांना सांगायची गरज आहे का? धाकट्या बहिणीचीही तपासणी करावी का?

उत्तर:

नाही, पातळ होत नाही. दुधात पाणी घालत जावं तसं रक्त मिसळत जातं, ही समजूत मेंडेलने 1866 सालीच मोडीत काढली. सिकलसेल होतो तो हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिन या प्रथिनाच्या बदलाने. त्याचं जनुक तुमच्या पेशीत दोनदा आहे, एक प्रत वडिलांकडची, एक आईकडची. वडिलांकडून आलेल्या प्रतीत सहाव्या जागी डीएनएच्या एका अक्षराचा फरक आहे: जीएजीचं जीटीजी झालंय. एएस म्हणजे एक प्रत नेहमीची (ए), एक सिकलची (एस). आजोबांच्या पेशीत तो फरक जसा होता, अक्षर न् अक्षर तसाच तुमच्यात आहे. तुमच्या मुलाला तुमच्या दोन प्रतींपैकी एकच मिळणार, आणि प्रत्येक मुलाच्या वेळी शक्यता नव्याने निम्मी-निम्मी. मिळाली नाही तर त्याच्या वंशातून ती गेली. मिळाली तर पूर्ण मिळाली. अर्धी, पाव, छटाक असा प्रकारच त्यात नाही.

एवढ्यावर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर संपतं. पण ‘बाहेरच्या घरांतल्या मुली’ आणि ‘निगेटिव्ह’ हे दोन शब्द वाचून माझ्याच्याने राहवलं नाही. घरातल्या आजाराचा सगळा हिशेब आमच्याकडे वर्षानुवर्षं एका बाहेरून आलेल्या बाईच्या, माझ्या आईच्या नावावर मांडला गेला, आणि तोही एका निगेटिव्ह रिपोर्टाच्या जोरावर.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं. धाकटा भाऊ वर्षाचा व्हायच्या आतच त्याचे हातपाय सुजायचे, डोळे पिवळे दिसायचे. पुढे सांधे धरायला लागले, पानथरी (प्लीहा) वाढली. दुखायला लागलं की रात्र रात्र कोणी झोपत नसे. मग गावात सिकलसेलचं शिबिर झालं. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, नळीतल्या द्रावणात टाकायचा, गढूळ झालं की पॉझिटिव्ह. भाऊ पॉझिटिव्ह, आई पॉझिटिव्ह, मी पॉझिटिव्ह. बाबा निगेटिव्ह.

मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, अंगणातल्या बाजेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “आमच्या खानदानीत असं कोणालेच नव्हतं. खाण तशी माती.” आई आत चुलीपाशी असायची, तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

याहून वाईट पुढे झालं. नात्यातलेच एक शिकलेले गृहस्थ घरी आले. हा आजार व्हायला जनुक आई आणि बाप दोघांकडून यावं लागतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. वाचलं ते बरोबरच होतं. त्यांनी ते भर बैठकीत मांडलं: पोराला आजार आहे, आई पॉझिटिव्ह, बाप निगेटिव्ह, मग दुसरं आलं कोठून? कोणी काही बोललं नाही. पण त्या दिवसापासून आईशी बोलायची घराची रीतच बदलली. मोठी आई तिच्या हातचं पाणी घेईना. सणावाराला तिला मागे ठेवायला लागले. बाबा गप्प राहिले. ते आज नाहीत, तरी त्या गप्प राहण्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

मी पुढे बायोटेक्नॉलॉजी घेतलं ते त्या बैठकीपायी. नागपूरला एमएस्सी करताना थॅलेसेमिया, म्हणजे ग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार, शिकले आणि बाबांचे जुने रिपोर्ट काढून बसले. त्यांचं हिमोग्लोबिन कधी अकराच्या फार वर गेलं नाही. ‘लोह कमी आहे’ म्हणून आयुष्यभर गोळ्या चालू. पण लोह कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी लहानही असतात आणि सहसा संख्येनेही कमी. बाबांच्या पेशी लहान होत्या, एमसीव्ही (पेशीचा सरासरी आकार) साठ-बासष्टच्या घरात, आणि संख्या मात्र मायक्रोलिटरमागे साठ लाखांच्या आसपास. हे चित्र लोहाच्या कमतरतेचं नाही, थॅलेसेमिया मायनरचं, म्हणजे थॅलेसेमियाच्या वाहकाचं आहे. इतकी वर्षं ते सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावर छापून येत होतं आणि कोणी वाचलं नव्हतं.

बाबांना, आईला आणि भावाला नागपूरला आणून एचपीएलसी केली. या तपासणीत हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे होऊन प्रत्येकाची टक्केवारी मिळते. आईचं सरळ एएस: बहुतेक ए, आणि एस पस्तीसच्या आसपास. बाबांच्या रक्तात एस शून्य. पण ए2, हिमोग्लोबिनचा एक किरकोळ प्रकार, जे साडेतीन टक्क्यांच्या आत असायला हवं, ते पाचाच्या वर. भावाला थोडेच दिवस आधी रक्त चढवलेलं होतं, म्हणजे त्याच्या रिपोर्टात रक्त देणाऱ्याचं हिमोग्लोबिन मिसळलेलं. त्याचा निकाल डीएनए तपासणीने लागला. त्याच्या अकराव्या गुणसूत्रांच्या जोडीपैकी एकावर आईकडचा सिकलचा बदल, दुसऱ्यावर बाबांकडचा आयव्हीएस 1-5.

हा आयव्हीएस 1-5 म्हणजे भारतात सगळ्यात जास्त सापडणारा बीटा थॅलेसेमियाचा बदल. जनुकाचा जो भाग प्रथिन बनवण्याआधी कापून टाकायचा असतो, त्या पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या जागी जीच्या ऐवजी सी येतो. तेवढ्याने काटछाट बिघडते आणि त्या प्रतीपासून बीटा ग्लोबिन जेमतेम बनतं. बाबांची दुसरी प्रत चांगली होती म्हणून त्यांचं भागलं. भावाच्या वाट्याला आली एक प्रत सिकलची आणि एक जवळजवळ न चालणारी. त्यामुळे त्याच्या पेशींत जे हिमोग्लोबिन बनतं ते बहुतेक सगळं एस. प्राणवायू सुटला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून दांडे होतात, पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. चांगली तांबडी पेशी 120 दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. आजार जवळजवळ एसएससारखाच, म्हणजे दोन्ही प्रती सिकलच्या असाव्यात तसा. नाव सिकल-बीटा थॅलेसेमिया.

नळीतली तपासणी फक्त एस आहे की नाही एवढंच सांगते. बाबांच्या रक्तात एस नव्हतंच, त्यामुळे त्यांचा रिपोर्ट खरा होता. त्यावरून काढलेला अर्थ खोटा होता, आणि तो माझ्या आईच्या चारित्र्यापर्यंत नेला गेला.

रिपोर्ट घेऊन मी मोठ्या बाबांसमोर बसले. पूर्ण समजावून सांगितलं. ते म्हणाले, “मशीन काय, मशीनबी चुकते.” मी म्हटलं, बाबांना हे आजी किंवा आजोबांकडून आलंय. तुम्ही त्यांचेच. तुमच्यातही असण्याची शक्यता निम्मी आहे, मुलांची तपासणी करा. ते उठून गेले. अजूनही त्यांच्या घरात कोणी तपासलेलं नाही. एका मुलाचं लग्नही झालं, मुलीचा सिकलसेल रिपोर्ट मात्र आधी मागून घेतला होता. मुलीचा मागायचा, मुलाचा दाखवायचा नाही, ही आमच्याकडची पद्धत. मोठ्या बाबांना ‘खानदान’ म्हणायचंच असेल तर म्हणू देत, पण त्या खानदानीत अकराव्या गुणसूत्रावर काय आहे ते आम्ही कागदावर आणलंय. आईची माफी कोणी मागितली नाही. तिने माझ्याकडून बाबांच्या रिपोर्टातली ए2ची ओळ दोनदा वाचून घेतली, कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि माहेरी भावाला दाखवायला घेऊन गेली.

‘आमच्यात नसतं’ हे वाक्य विदर्भात प्रत्येक जातीत ऐकलंय. भारतात सिकलसेल पहिल्यांदा नोंदला गेला 1952 साली, निलगिरीच्या आदिवासींत. त्यानंतर तपासत गेले तसा सापडत गेला. आमच्याकडे गोंड, माडिया, परधान, बौद्ध, तेली, कुणबी, सगळ्यांत आहे. हा बदल टिकला तो कुणाच्या पापाने नाही. एक सिकल प्रत असणाऱ्याला फाल्सिपेरम या जंतूच्या मलेरियाचा जीवघेणा प्रकार कमी होतो, हे अॅलिसन या शास्त्रज्ञाने 1954 साली आफ्रिकेतल्या कामातून दाखवलं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मलेरिया काय असतो हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. आणि मलेरिया बाजूला ठेवला तरी एखादा बदल केवळ पिढ्या उलटल्या म्हणून समाजातून आपोआप कमी होत नाही, याचं गणित हार्डी आणि वाइनबर्ग या दोघांनी 1908 साली मांडून ठेवलंय. तुमच्या घरच्यांना हवं तर हे वाचून दाखवा.

आता तुमचं लग्न. सांगा. ‘गरज आहे का’ हा प्रश्नच मला पटत नाही. ज्या मुलीच्या पोटी तुमचं मूल वाढणार तिला हे माहीत नको? मी स्वतः एएस आहे. पहिल्याच भेटीत सांगायचे आणि मुलाची एचपीएलसी मागायचे. एक स्थळ त्यावरून मोडलं. ज्याच्याशी लग्न झालं त्याने दोन दिवसांत रिपोर्ट आणून दिला.

आणि मुलीची निगेटिव्ह आलेली तपासणी नेमकी कोणती, ते आधी विचारा. नळीची किंवा शिबिरातल्या पट्टीची असेल तर तुमच्यासाठी ती अपुरी आहे. सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली, सात कोटी लोक तपासायचं उद्दिष्ट ठेवलं, चांगलंच केलं. पण ज्या शिबिरात फक्त एस शोधतात तिथे माझ्या बाबांसारखा माणूस आजही ‘निगेटिव्ह’ कागद घेऊन घरी जाईल. मुलीची एचपीएलसी आणि सीबीसी करून घ्या. ए2 आणि एमसीव्ही बघा.

सगळं व्यवस्थित असेल तर मुलं निम्म्या शक्यतेने तुमच्यासारखी एएस होतील, आजारी कोणी होणार नाही. अशा ठिकाणी लग्न मोडणारे लोक मूर्ख आहेत, दुसरा शब्द नाही. ए2 वाढलेलं निघालं किंवा तीही एएस निघाली, तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मुलाची शक्यता चारात एक. पहिलं मूल धडधाकट झालं म्हणून दुसऱ्याच्या वेळची शक्यता कमी होत नाही. तरीही लग्न करू नका असं मी म्हणणार नाही. दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास गर्भाच्या वारेचा अंश घेऊन डीएनए तपासता येतो. गर्भलिंग सांगायला बंदी आहे, पण हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी ही तपासणी कायद्याने चालते. मात्र तुमच्या दोघांचे बदल आधी कळलेले असले तरच ती वेळेत होते, म्हणून पोट राहायच्या आधी हालचाल करा.

काही गोष्टी राहिल्या. शरीरात लोह फार कमी असेल तर ए2 खोटं खाली दिसू शकतं, त्यामुळे साडेतीन-चारच्या सीमेवर आकडा असेल तर आधी लोह भरून पुन्हा तपासा किंवा सरळ डीएनए करा. सिकलबरोबर डी-पंजाब किंवा ई हे हिमोग्लोबिनचे दुसरे बदललेले प्रकार आले तरी आजार होऊ शकतो, तेही एचपीएलसीत दिसतं. तुमच्या डीएनए रिपोर्टात बदल सहाव्याऐवजी सातव्या जागी लिहिला असेल तर घाबरू नका. नव्या पद्धतीत प्रथिनाच्या साखळीतला अगदी पहिला मणी, मेथिओनिन, तोही मोजतात, बदल तोच. वाहक म्हणून तुम्हाला औषध लागत नाही, पण भर उन्हात पाणी न पिता राबणं आणि एकदम फार उंचीवर जाणं टाळा, लघवीत रक्त दिसलं तर डॉक्टरला वाहक असल्याचं सांगा. मी डॉक्टर नाही. निर्णयाआधी एकदा जनुकीय समुपदेशकाकडे दोघांनी मिळून जा.

जीन एडिटिंगने सगळं मिटलं असंही कोणी तुम्हाला सांगेल. ब्रिटन-अमेरिकेत 2023 साली मान्य झालेल्या क्रिस्पर (जनुक कापण्याचं तंत्र) उपचारात सिकलचं अक्षर दुरुस्त करत नाहीत. बीसीएल11ए या दुसऱ्या जनुकाचा रक्तपेशींतला जोर कमी करून गर्भात असताना बनणारं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतात. बदल अस्थिमज्जेतल्या पेशींत होतो, बीजात नाही, म्हणजे बरा झालेला माणूसही मुलांना जुनंच जनुक देतो. आमचा भाऊ हायड्रॉक्सीयुरिया या औषधावर आहे, त्यानेही तेच हिमोग्लोबिन वाढतं. दुखणं पुष्कळ कमी झालंय, नोकरी करतो.

बहिणीचीही तपासणी करा, निम्मी शक्यता तिलाही आहे. तुमच्याबरोबरच करा आणि एचपीएलसीच करा. तिचा रिपोर्ट तिच्याजवळ राहू द्या आणि त्याचा अर्थ तिला स्वतःला नीट समजावून सांगा. तिला स्थळ बघायला येणारे तिचा कागद मागतील. मुलाचा कागद तुम्ही मागा.